उलटा पीळ

रेणुका जन्मली ती उसाच्या फडात. तिच्या मायनं सकाळी गाडीत मोळ्या चढवल्या, दुपारी कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, ती बाळंत झाली आन् अंग धड भरायच्या आत पुन्हा फडात उतरली. चालायला लागल्यापासून रेणुकाच्या हातात वाढं आलं. उसाचा हिरवा शेंडा म्हणजे वाढं. त्याला पीळ द्यायचा आन् त्यानंच मोळी बांधायची. तोडायचं गड्यानं, बांधून डोक्यावर वाहायचं बाईनं, अशी फडातली वाटणी. म्हणून तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. त्याला मुकादम दारात उभा करत न्हाई.

हे आधी सांगून ठेवलं, कारण पुढं सगळं ह्याच्यावरच अडणार हाय.

रेणुका फड सोडून लॉजवर कशी आली, त्यात काही नवल न्हाई. लग्न झालं, नवऱ्यानं टाकलं, आन् नवऱ्याच्याच एका दोस्तानं ‘स्वैपाकाचं काम हाय’ म्हणून धर्माबादच्या पुढं, तेलंगणाच्या हद्दीजवळ रस्त्यावर आणून सोडलं. खाली हॉटेल, वर खोल्या, बोर्डावर ‘फॅमिली लॉज’. स्वैपाकाला तिथं वेगळा आचारी होता. हद्दीपलीकडून गाड्या भरून लोक यायचे, घरी दोस्तांसंगं फिरायला निघालो म्हणून सांगितलेले. उमाशंकर मॅनेजर त्यांना अदबीनं टुरिस्ट म्हणायचा. बाया टूरवाले म्हणायच्या आन् गाडीच्या आवाजावरून कोण कसा असंल ते ओळखायच्या.

बरीच वर्षं गेल्यावर तिथं पुनम आली. पंचविशीच्या आतबाहेरची, माय निजामाबादकडची, त्यामुळं बोलता बोलता तेलुगूत घसरायची. रेणुकाला ती अक्का म्हणायची. रेणुकानं पहिल्या दिवशी तिला चहा दिला आन् दुसऱ्या दिवसापासून तिच्यावर जळायला लागली. जळायला कारण होतं. गाडीतून उतरलेला माणूस आधी वर बघायचा, कठड्याला रेणुका उभी असली तरी त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागं जायची.

एक माणूस मात्र तसा नव्हता. भुजंग, मुखेडकडचा. हिवाळ्यात ऊस तोडायचा, उन्हाळ्यात धर्माबादच्या मिरचीबाजारात हमाली करायचा. येताना रुमालात लाल मिरच्या बांधून आणायचा. त्या आणल्या की दोघं शिंका देत बसायचे आन् फडाच्या गोष्टी करायचे. कुणाची मोळी जड, कुणाचा मुकादम हलकट, कुठल्या वावरात साप लई. पुनम दारातून गेली तर हा मानसुद्धा वर करायचा न्हाई. म्हणून रेणुकाच्या मनात तो तिचा होता. त्याची बायको गावाकडं जिवंत होती, त्याबद्दल रेणुकाचं काही भांडण नव्हतं.

मग मार्चात लॉकडाऊन लागलं. हद्दीवर पोलिसांनी बांबू आडवे बांधले. उमाशंकरनं शटर ओढलं. बाकीच्या बाया भाजीच्या टेंपोत बसून, काही तर पायी, आपापल्या गावाला गेल्या. ज्यांना गावात कुणी दार उघडणार न्हाई अशा दोघी राहिल्या, रेणुका आन् पुनम. शिध्याच्या पिशव्या वाटणारे आले, त्यांनी रेशनकार्ड मागितलं. ते नव्हतं. दुसरे आले, त्यांनी कार्ड मागितलं न्हाई, पण पिशवी घेतानाचा फोटो मागितला.

“फोटो कुठं कुठं जातो बाबा?” रेणुकानं विचारलं.

“सगळीकडं. फेसबुकला टाकतो.”

“मंग मास्क वर घेते. काढा.”

त्यांनी तसाच काढला. त्या पिशवीतला तांदूळ संपला तसा उमाशंकरनं नवा धंदा काढला. पुनमच्या फोनवर जुने टूरवाले व्हिडिओ कॉल करायला लागले. रिचार्ज त्यांचा, पैसा उमाशंकरच्या खात्यात, पुनमच्या वाट्याला डाळ-तांदूळ. “वास येत न्हाई एवढंच बरं हाय, अक्का,” ती म्हणायची. एकदा तिचा घसा बसला म्हणून उमाशंकरनं रेणुकाला फोनपुढं बसवलं. पलीकडच्या माणसानं बघितलं आन् फोन कापला.

“नेटवर्क गेलं असंल,” पुनम म्हणाली.

फोन कापल्याचं रेणुकाला एवढं लागलं न्हाई जेवढं हे लागलं. पुनम आणायची तोच तांदूळ ती खायची आन् खाता खाता तिचा राग यायचा.

श्रावणात रेणुकाला ताप भरला. उमाशंकरनं तिला गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत टाकलं आन् जिन्याकडं फिरकला न्हाई. पुनम नाकाला ओढणी बांधून जायची, पेज पाजायची, पाय दाबायची, तेलुगूत काहीतरी पुटपुटायची. रेणुका डोळे मिटून पडायची. जिच्यावर जळायचं तिनंच तोंडात पेज घालावी, ह्याच्यासारखी अडचण दुसरी न्हाई. रेणुका जगली. पण दम गेला. जिना चढताना मधल्या वळणावर तिला भिंत धरून थांबावं लागायचं.

त्याच पावसाळ्यात भुजंगाची बायको तापानं गेली. कोरोना का दुसरं काही, कुणी तपासलं न्हाई. दसरा तोंडावर आला आन् मुकादम टोळ्या बांधायला निघाले. भुजंग अर्धा कोयता झाला होता.

तो आला ते दुपारचं, ग्यानोबा मुकादमाच्या मोटारसायकलवर मागं बसून. मास्क हनवटीला लोंबत होता. रेणुकानं वरून बघितलं, घाईघाईनं केस बांधले, तोंड धुतलं आन् खाली आली. तो कशासाठी आला हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. बायको मेलेला ऊसतोड्या दसऱ्याला मुकादमासंगं येतो तो मिरच्या द्यायला येत न्हाई.

“कोपीत राहावं लागंल,” भुजंग म्हणाला. “टोळीत नवरा-बायको म्हणून सांगावं लागंल.”

“मला कोपी शिकवतोस व्हय?” रेणुका म्हणाली. आतून तिला नाचावंसं वाटत होतं.

ग्यानोबा आपला विडा चघळत तिच्याकडं बघत होता, बैल बघावा तसा. “बाई जाणती हाय, ते दिसतंय,” तो म्हणाला. “पर गाडी भरताना मोळी घिऊन फळी चढावी लागती. दम हाय का? आजारी व्हती म्हणं.”

“कोण म्हणलं?”

कोण म्हणलं ते उमाशंकर गल्ल्यामागं खाली मान घालून ऐकत होता, त्यावरून कळलं.

कोपऱ्यात तांदळाचा कट्टा होता. ग्यानोबानं तो दाखवला. “डोक्यावर घे आन् गच्चीवर जाऊन ये. बास, दुसरं काय बघत न्हाई मी.”

रेणुकानं पदर खोचला. भुजंगानं कट्टा उचलून डोक्यावर दिला. पहिल्या पायऱ्या ती झपाझप चढली, अंगाला जुनी सवय होती. वळणावर छातीत भाता फुटल्यासारखं झालं. तिनं भिंत धरली. कट्टा एका अंगाला कलला. खाली भुजंग आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होता.

वरून पुनम कपडे वाळत घालून उतरत होती. “अक्का, सोडा सोडा, पडाल,” असं म्हणत तिनं तो कट्टा रेणुकाच्या डोक्यावरून आपल्या डोक्यावर घेतला, गच्चीवर नेऊन ठेवला आन् ओले हात झटकत खाली आली. तिला कशाचाच पत्ता नव्हता.

“ही चालंल,” ग्यानोबा म्हणाला.

“कुठं?” पुनमनं विचारलं.

भुजंगानं रेणुकाकडं बघितलं. काही बोलंल असं तिला वाटलं. तो मुकादमाकडं वळून म्हणाला, “हिला मोळी बांधता येत न्हाई.”

“त्याला काय लागतं. ही शिकवंल की,” ग्यानोबानं रेणुकाकडं हनवटी केली.

उमाशंकर आडवा आला, टाळेबंदीभर फुकट खाल्लंय म्हणाला. मुकादमानं भुजंगाच्या उचलीतून, म्हणजे हंगामाच्या आगाऊ पैशातून, त्याचं तोंड बंद केलं. म्हणजे पुनम एकाच्या देण्यातून निघून दुसऱ्याच्या देण्यात गेली. पण ह्या देण्याला दिवसाउजेडी वावर होतं. व्हिडिओ कॉल नव्हता.

“अक्का, मी न्हाई जात म्हणलं तर?” ती संध्याकाळी म्हणाली. “तुमचा माणूस हाय तो.”

“माझा कशाचा. जा की. हितं काय तुझं पुरून ठिवलंय?”

दुसऱ्या दिवशी रेणुकानं लॉजमागच्या वावरातून हायब्रीड ज्वारीची धाटं आणली आन् गच्चीवर शिकवणी बसली. पाल्याचे दोन झुबके घ्यायचे, शेंड्याला शेंडा जोडून जमिनीवर पसरायचे, वर ऊस रचायचा, गुडघा रोवून दोन्ही टोकं ओढायची आन् पीळ द्यायचा. इथपर्यंत सगळं खरं शिकवलं. शेवटी पिळाच्या अंगानं टोक आत खोचायचं असतं. उलट्या अंगानं खोचलं तरी मोळी बांधल्यासारखीच दिसती, भुईवर हूं की चूं करत न्हाई. पण डोक्यावर गेली, फळीवर हिंदकळली, की पीळ आपला आपण उकलतो. लहानपणी ह्याच चुकीला मायनं रेणुकाच्या पाठीत वाढ्याचे फटके दिले होते.

रेणुकानं तिला उलटं खोचायला शिकवलं.

पुनम जीव लावून शिकत होती. बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची. तळहात धाटांनी चिरले. “बरोबर हाय का, अक्का?”

“हाय.”

“तुमी एकदा बगा की नीट.”

“बगितलं ना. किती बगू?”

भुजंग न्यायला आला तवा त्यानं मुखेडच्या बाजारातून काळ्या मण्यांची पोत आणली होती. कागदाची पुडी त्यानं पुनमच्या हातात दिली, बाजारातून हळद आणून द्यावी तशी. ती पोत रेणुकानं मनात कितीदा गळ्यात घालून बघितली होती, त्याला हिशेब न्हाई. पुनमला मागची गाठ मारता येईना. “अक्का, तुमीच बांधा.” रेणुका तिच्या मागं उभी राहिली. ती गाठ तिला सरळ मारावी लागली, भुजंग समोर उभा होता.

दिवाळी झाली आन् हद्दीवरचे बांबू निघाले. लॉजवर गाड्या यायला लागल्या. उमाशंकरनं गल्ल्यावर सॅनिटायझरची बाटली ठेवली आन् येईल त्याच्या हातावर मारायला लागला, जशी काय त्यानं सगळीच घाण धुतली जाती. नव्या बाया आल्या न्हाईत. ज्या जुन्या परतल्या त्यांना गावात कुणी पाणी भरू दिलं नव्हतं. आता माणसं आधीपेक्षा जास्त घासाघीस करायची आन् बायांना न्हाई म्हणायची सोय उरली नव्हती. खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचं, एवढं रेणुका शिकली.

एका टूरवाल्यानं तिला विचारलं, “ती पोरगी कुठंय, व्हिडिओवाली?”

“मेली.”

“कशानं? कोरोनानं?”

“हाव.”

तो उठला आन् हात धुवायला गेला तो आलाच न्हाई. रेणुकाला हसू आलं.

ती वाट बघत होती. मोळी सुटली, हसं झालं, मुकादमानं हाकललं, पुनम बोचकं घेऊन दारात उभी, हे ती रोज बघायची. त्याच्यापुढं भुजंग स्वतः न्यायला येतो, ते बघायची. फळी तिच्या ध्यानात आली की तेवढा भाग ती वगळायची.

आला तो पुनमचा फोन.

“अक्का, किल्लारीकडं हाय आमी. पैल्याच दिवशी काय झालं, सांगू? फळीवर अर्ध्यात गेले आन् मोळी फुटली. सगळा ऊस मुकादमाच्या अंगावर. मी खाली. गुडघा फुटला.”

रेणुका खाटेवर बसली. “मंग? हाकललं?”

“न्हाई हो. बाया लई हसल्या. सासूनं शिकवलं न्हाई का म्हणल्या. मी म्हणलं, मला माझ्या अक्कानं शिकवलंय, मीच इसरले.” पुनम हसत होती. “तवापासून हेच बांधतात मोळी. टोळीतले गडी ह्यांना वहिनी म्हणून राहिले. तरी बांधतात. रिकामे असले की माझ्या हातावर हात धरून शिकवतात.”

‘हे’ कोण, ते रेणुकाला समजायला थोडा वेळ लागला. तिनं नीट शिकवलं असतं तर भुजंगाला ह्या पोरीचा हात धरायचं कामच पडलं नसतं.

“बोला ह्यांच्यासंगं,” म्हणून पुनमनं फोन दिला आन् ती कुठंतरी पाण्याला गेली.

“रेणुका,” भुजंग म्हणाला. “मोळी सुटली तवा म्या तो बंध उचलून बगितला. आमची बायको जन्मभर मोळ्या बांधून मेली. चुकून असा पीळ पडत न्हाई.”

रेणुकानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“पोरीची मान मोडली असती.”

“तिला काय सांगितलंस?”

“काय सांगू? वाढं वाळकं व्हतं म्हणलं.”

पुनमनं येऊन फोन परत घेतला. “अक्का, तुमी हिकडं या. शाळा बंद हायत, कोप्यांवर बारकी लेकरं निस्ती उनाड हिंडतात. माया फडात जातात. सांभाळायला बाई पायजे, मुकादम हाव म्हणला. फळी न्हाई चढायची.”

“मी काय लेकरं सांभाळणारी वाटले का तुला?” रेणुकानं फोन कापला.

आता चघळायला नवं खाद्य मिळालं. भुजंगानं झाकलं ते कुणासाठी? तिची लाज राखायला, का पुनमला दुखू नये म्हणून? एकदा असं वाटायचं, एकदा तसं. आन् दोन्ही वेळा डोळ्यापुढं हातावर हात यायचा. गिऱ्हाईक बोलत असायचं आन् हिला ते हात दिसायचे. तिथं जाऊन त्यांचा संसार बघण्यापरीस इथं मेलेलं बरं, असं ती म्हणायची. पण इथं बसून तो न बघणं त्याहून वाईट निघालं. तिथं निदान किती शिजलंय ते डोळ्यानं दिसलं असतं.

“दवाखान्यात जाऊन येते,” तिनं उमाशंकरला सांगितलं.

“नांदेडला?”

“हाव. छातीचा फोटो काढायचाय.”

त्यानं तिच्या पिशवीकडं बघितलं. फोटो काढायला कुणी दोन लुगडी आन् तवा नेत न्हाई. पण खोकणारी बाई त्यालाही नको झाली होती. “मास्क लावून जा,” एवढंच म्हणाला.

नांदेडहून लातूरची एसटी, तिथून किल्लारीकडं जीप, पुढं पायी. जीपमध्ये ती वाटभर पुनमचे दोष काढत बसली. पोरगी आळशी हाय, भाकर थापता येत न्हाई, बोलताना दात दिसतात. फडाजवळ आली तवा वाढ्याचा हिरवा वास नाकात शिरला. मायच्या अंगाचा वास तो. पाय आपोआप नेमके कोप्यांकडं वळले.

ट्रॅक्टरची ट्रॉली भरत होती. फळीवर एक बाई मोळी घेऊन चढत होती, अंगात गड्याचा शर्ट, डोक्याला चुंबळ. पुनम होती. काळी पडली होती, दंड भरले होते. मोळी सुटली न्हाई. खाली भुजंग गुडघा रोवून दुसरी बांधत होता. गड्याच्या हाताचा बंध तो, जोर लई पण मोळी मधेच फुगलेली.

“सरक,” रेणुका म्हणाली.

भुजंगानं वर बघितलं. बाजूला झाला. तिनं त्याचा बंध सोडला, वाढं नवं घेतलं, गुडघा दाबला, ओढलं. पीळ दिला. तेवढ्यानं धाप लागली, ती तशीच वाकून थांबली. मग पिळाच्या अंगानं टोक आत सारलं आन् वर थापटी दिली.

पुनम फळीवरून उतरून पाठीशी येऊन उभी होती. “अक्का, तवा तर तुमी त्या अंगानं…” म्हणता म्हणता ती थांबली. तिनं बंधाकडं बघितलं, भुजंगाकडं बघितलं. भुजंग कोयत्याला धार होती तरी पुन्हा दगड लावत होता.

ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला.

“गुडघा लई फुटला व्हता माझा,” पुनम म्हणाली.

“दाखव.”

“आता भरलाय.”

“मंग कशाला सांगतीस?”

पुनमनं तिच्या तोंडाकडं टक लावून बघितलं. मग चुंबळ नीट केली आन् वाकून उभी राहिली. “उचलून द्या,” ती म्हणाली. ह्या बारीला अक्का म्हणाली न्हाई. रेणुकानं आन् भुजंगानं दोन्हीकडून धरून मोळी तिच्या डोक्यावर दिली. ती चढून जाईपर्यंत रेणुका खालून त्या बंधाकडं बघत राहिली.

दिवस मावळताना कोपीपुढं चूल पेटली. टोळीतली लेकरं रेणुकाभोवती जमली होती, एक तर मांडीवर झोपलंसुद्धा. तिचं ध्यान चुलीकडं होतं. पुनमनं पहिली भाकर भुजंगाच्या ताटात टाकली. त्यानं न मागता वर मिरचीचा ठेचा घातला. धर्माबादच्याच मिरच्या, रेणुकानं वासावरून ओळखलं.

“भाकर जाड हाय,” ती म्हणाली.

भुजंग खात राहिला. पुनमनं पुढची भाकर थापली, बारीक, चंद्रासारखी गोल, आन् भाजून रेणुकाच्या हातावर टाकली. रेणुकानं ती उलटून बघितली.

“ही एका अंगानं करपली,” ती म्हणाली आन् ठेचा मागायला हात पुढं केला.